भाऊजींच्या नंबरावरून आलेलं निमंत्रण

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आयुष्यभर दोन कामं करत आले. एक, दवनीवाड्याच्या बाजूच्या एका शाळेत शिकवणं. त्यातून ते वयानुसार निवृत्त झाले. दुसरं, लोकांच्या घरच्या लग्नांची निमंत्रणं पोचवणं. त्यातून निवृत्त होता येतं हे त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या पोवार घरांत छापील पत्रिकेला फारसा मान नाही. पत्रिका वाचायची वस्तू. निमंत्रण म्हणजे हळदीत घोळलेले पिवळे तांदूळ. घरचं किंवा घरच्यासारखं कोणीतरी ते घेऊन दारात येतं, समोरच्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवतं आणि तिथेच होकार होतो. याला एक नियम आहे. तांदूळ घेण्याआधी "कोणाचं लग्न?" असं विचारायचं नाही. आधी हात पुढे करायचा; मुलगी कोणाची, मुलगा कुठला, हे नंतर चहासोबत. मी एकदा भाऊजींना म्हटलं, ही तर न वाचता सही करण्यासारखी पद्धत झाली. ते म्हणाले, "साळेबुवा, नेवता देणारा माणूस उन्हातून येऊन दारात उभा आहे. त्याले उभं ठेवून चौकशी कायले करायची? चोर आहे का तो?"

मी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोक न वाचता सह्या करतात हे रोज पाहत होतो, म्हणून वाद घातला नाही.

आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं भाऊजींच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे कोणाच्याही घरी लग्न निघालं की तांदळाची पिशवी त्यांच्याकडे यायची. सायकलवर, नंतर मोपेडवर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर कोणाच्या तरी मागे बसून, ते दारोदार जात. "गुरुजी येऊन गेले" असं कोणी म्हटलं की त्या घरचा रुसवा संपला असं समजत. या बिनपगारी पदाचा त्यांना केवढा अभिमान! मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

मग भाचीनं त्यांना मोठा फोन घेऊन दिला. भाऊजींनी त्यात नंबर भरले ते नावांनी नव्हे, दारांनी. "बोडीजवळचे", "कडुलिंबाचे", "दोन पायऱ्यांचे", "मुर्रीचे साळेबुवा". ज्या क्रमानं ते पायी फिरत, त्याच क्रमानं त्यांना घरं आठवत. पन्नास वर्षांची पायपीट त्या यादीत होती. नंतर कोणीतरी कुठेतरी बसून ती यादी एका बोटानं वापरली, पण ते पुढे.

त्या वर्षी दिवाळीआधी गोंदियात सायबर सुरक्षेवर जनजागृतीचा कार्यक्रम झाला. मी श्रोता म्हणून गेलो होतो, भाऊजी खास त्यासाठी गावाहून आले होते. मंचावर नऊ पाहुणे, नऊ शाली, नऊ नारळ. दीपप्रज्वलनाला पंख्यानं विरोध केला, तो बंद करण्यात वेळ गेला. प्रास्ताविक झालं, स्वागत झालं, स्वागताबद्दल आभार झाले. ज्यांना या विषयातलं खरंच कळत होतं त्या पोरसवदा अधिकारी बाईंना शेवटची दहा मिनिटं मिळाली, आणि जेवणाचा वास आल्यामुळे त्यातली पाच. बिचाऱ्या पोटतिडकीनं बोलत होत्या. अनोळखी नंबर उचलू नका, अनोळखी लिंक उघडू नका, अनोळखी माणसाला काही सांगू नका. सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. मग आयोजकांनी जाहीर केलं की ज्यांना प्रमाणपत्र हवं त्यांनी बॅनरवरचा चौकोनी कोड स्कॅन करून नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि आधार क्रमांक भरावा. रांग लागली. भाऊजी रांगेत चौथे होते.

ते प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून बैठकीत लावलं. मी बहिणीला, तिला मी बाईच म्हणतो, म्हणालो, "बाई, आता चोर घरात आला तर आधी ते वाचेल." ती म्हणाली, "तू गप्प बस. त्यायले खुशी आहे ना!"

आता वाटतं, त्या दिवशी सगळं बरोबरच सांगितलं होतं. चूक फक्त एका शब्दात होती. अनोळखी. आमच्याकडे अनोळखी माणूस असतोच किती? दोन वाक्यं बोललं की कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी व्याही निघतो. आम्हाला अनोळख्यांपासून सावध राहायला शिकवलं गेलं, आणि जे आलं ते ओळखीच्या नंबरावरून आलं.

मार्गशीर्षात, धानाची मळणी चालू असताना, भाऊजींच्या फोनवर त्यांच्या एका लांबच्या साडूच्या मुलाच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. वर गणपतीचं चित्र, खाली "नक्की यावे", आणि एक फाइल. त्यांनी ती दाबली. फोननं काहीतरी विचारलं. ते हो म्हणाले. त्यानं परत विचारलं, इंग्रजीत, जरा धोक्याच्या रंगात. ते परत हो म्हणाले. चार वेळा विचारलं, चार वेळा हो. नंतर मी त्यांना विचारलं, भाऊजी, एवढं विचारत होता तेव्हा शंका आली नाही का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नेवता होता ना," ते म्हणाले. "नेवत्याले नाही कसं म्हणू?"

घरच्या उंबऱ्यावर आलेल्या निमंत्रणाला ते जे करत आले होते, तेच त्यांनी केलं. आधी हात पुढे केला.

थोड्या वेळानं ती पत्रिका भाऊजींच्या फोनमधून आपोआप सगळ्यांना गेली. त्यांच्या दारांच्या यादीतल्या प्रत्येक दाराला.

मलाही आली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी मुर्रीच्या माझ्या घरी पेपर वाचत बसलो होतो, फोन वाजला. भाऊजींचा नंबर, गणपती, फाइल. फाइलच्या नावाच्या शेपटाकडे, त्या एपीकेकडे पाहिल्याबरोबर मला कळलं की ही पत्रिका नाही. आणि मी हसलो. प्रमाणपत्र आठवलं आणि हसलो. मेसेज पुसला, चहा घेतला, अग्रलेख पूर्ण वाचला. तोही फार चांगला नव्हता. कोणीतरी कळवेलच त्यांना, असं वाटलं. दुपारी जेवल्यानंतर फोन केला तेव्हा बाईनं उचलला आणि ती रडत होती.

त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून पैसे गेले होते. किती, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्याचं त्यांना फार वाटलं असंही नाही. पण त्यांच्या घरामागे एक विधवा बाई राहते, बिड्या वळते. तिच्या मुलीला भाऊजींनी शिकवलेलं, तिच्या मुलीच्या लग्नाचे तांदूळही त्यांनीच वाटलेले. तिला घरकुल मंजूर झालं होतं, हप्ता खात्यात आलेला. नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छत बाकी होतं. तिनं भाऊजींच्या नंबरावरून आलेली पत्रिका बारा वाजता उघडली.

मी पेपर सकाळी आठला वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना घेऊन गोंदियात पोलिसांकडे गेलो. समोरचा हवालदार थकलेला होता, पण वाईट नव्हता. दोन बोटांनी टाइप करत त्यानं विचारलं, "अंकल, शादी का कार्ड ऐसी फाइल में आता है क्या?"

"आता कसं सांगू साहेब," भाऊजी म्हणाले, "आला तर होता."

"जिसके नंबर से आया, उसको पहचानते हो?"

"साडूचा पोरगा आहे जी."

"फिर? उसका नाम लिखूँ?"

भाऊजी ताठ झाले. "त्याचं नाव कायले लिहिता? त्यानं नेवता पाठवला."

"अंकल, उसने नहीं भेजा. उसका फोन भी किसी ने..." हवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि टाइप करणं थांबवलं. "आप समझाओ इनको."

मी समजावलं. त्यांना बाकी सगळं समजलं. आपला फोनही तसाच कोणीतरी वापरला, हेही समजलं. फक्त त्यानं आपण सुटतो, हे त्यांना पटलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझ्या नावानं गेलं ना? मग मीच दिलं."

फाइलपेक्षा वेगानं एक दुसरा मेसेज फिरला. "सावधान. गुरुजींचा नंबर ताबडतोब ब्लॉक करा. काही उघडू नका." त्यात त्यांचा फोटो होता, शाळेतल्या निरोप समारंभाचा, गळ्यात हार. चोराचा फोटो कोणाकडे नव्हता, म्हणून यांचा घातला. फोन दुकानातून साफ करून आणला, नंबरही बदलला. तो मेसेज मात्र साफ झाला नाही. बालाघाटच्या नातेवाइकांकडून फिरून तो मलाही परत आला.

आणि लोक बोलू लागले. आमच्याकडे चोरी झाली तर लोक चोराला शिव्या देतात. या चोरीत मात्र चोर दिसत नाही, म्हणून सगळे फसलेल्याकडे बघतात. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं.

"मास्तर असून फसला गा."

"काहीतरी लालच दाखवली असंल. फुकटात कोण फसते?"

"आणि भिंतीवर सर्टिफिकेट लावून ठेवलं आहे म्हणते!"

सगळे हसले. त्यातल्या दोघांनी ती फाइल उघडली होती, हे मला भाचीकडून माहीत होतं. ते सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. मीही त्या बाकावर बसून चहा प्यायलो आणि काही बोललो नाही. गप्प राहण्याची मला सवय होती. चाळीस वर्षं भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी लावून बसलेला माणूस मी.

भाचीचं लग्न चैत्रात ठरलं होतं. पाहता पाहता ते दीड महिन्यावर आलं, आणि भाऊजींना एकच काळजी लागली: आपल्या हातचा नेवता लोक घेतील का? नवऱ्या मुलाकडच्यांचं, हॉलचं, जेवणाचं, कशाचंच त्यांना काही नव्हतं. भाची म्हणाली, बाबा, मी माझ्या फोनवरून सगळ्यांना कार्ड पाठवते. ते एवढंच म्हणाले, "फोन नको."

पिवळे तांदूळ बाईनं स्वतः केले. भाऊजींबरोबर कोणी तरी हवं, म्हणून मी गेलो. माझ्या स्कूटीवर मागे बसून, मांडीवर पिशवी घेऊन, ते आठ दिवस गावोगाव फिरले. ज्या क्रमानं फोनमध्ये दारं भरली होती, त्याच क्रमानं.

लोकांनी हात पुढे केले. उगीच वाईट कसं बोलू? बहुतेकांनी केले. पण एक-एक वाक्य प्रत्येक दारात ठेवलेलं असायचं.

"गुरुजी, हे तांदूळच आहेत ना? फाइल तर नाही?"

"या या. आज स्वतः आलात, मग भ्या नाही."

दोन पायऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यानं, तो भाऊजींचा वर्गमित्र, तांदूळ हातात घेऊन खिशातून फोन काढला. "थांब लेका, आधी ओटीपी येऊ दे." तो मनानं निर्मळ माणूस, स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. भाऊजीही हसले. स्कूटीवर बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जड होता.

बिडीवाल्या बाईचं घर त्यांच्या घरामागेच, पन्नास पावलांवर. तिथे आम्ही सगळ्यांत शेवटी गेलो. क्रम मोडला तो तिथेच.

ती जुन्या घराच्या पडवीत सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू. बाजूला नव्या घराच्या भिंती, वर आभाळ. आतमध्ये एक शेळी बांधली होती. आम्हाला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण बोटं थांबली नाहीत.

"या जी, गुरुजी."

"पोरीचं लग्न आहे," भाऊजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तांदूळ हातावर ठेवण्याआधीच सांगून टाकलं. "नेवता घेऊन आलो."

"ऐकलं जी. चांगलं झालं."

भाऊजी वाकले, चिमूट पुढे केली. ती पानात तंबाखू भरत राहिली.

"माझं चुकलं, बाई," ते म्हणाले. "तुले त्या दिवशी माझ्या फोनवरून..."

"तुमचं कायले चुकते जी?" ती शांतपणे म्हणाली. बिडी वळली, दोरा बांधला, टोपलीत टाकली. "पोरगा मले सांगत होता, आई, कोणाचंच उघडू नको. मी बाकी कोणाचं उघडतच नाही. तुमचं नाव होतं म्हणून उघडलं."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. हिशेब विचारल्यासारखंही नव्हतं. जे झालं ते तिनं फक्त जागेवर ठेवलं.

भाऊजींची चिमूट तशीच पुढे होती.

"हात भरले आहेत जी तंबाखूनं," ती म्हणाली. "ठेवा तिथंच उंबऱ्यावर. मग घेते."

भाऊजींनी उंबऱ्यावर तांदूळ ठेवले. नमस्कार केला. आम्ही कुंपणापर्यंत पोचलो तेव्हा मी मागे पाहिलं. एक कोंबडी दोन पिल्लं घेऊन उंबऱ्याशी आली होती. बाई मान खाली घालून बिड्या वळत होती. भाऊजींनी मागे पाहिलं नाही. पण कोंबडीचं टोचणं त्यांना ऐकू आलं असणार. ते त्या गावात जन्मले आहेत.

घरी न जाता ते बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीवर जाऊन बसले. पाणी अर्ध्यावर आलं होतं. मी शेजारी बसलो. तेव्हा सांगायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी आठला मला कळलं होतं, भाऊजी. मी त्याच वेळी फोन केला असता तर तुम्ही लगेच दारोदार सांगत सुटला असता, आणि पहिलं दार हेच पन्नास पावलांवरचं असतं. तिचं छत झालं असतं. वाक्य तयार होतं. मी चपलेचा पट्टा नीट करत बसलो.

उठताना ते म्हणाले, "घरी काही सांगू नको. तांदूळ घेतले म्हण."

लग्नाला लोक आले. हॉल भरला, पंगतींवर पंगती उठल्या. मी भाऊजींना म्हटलं, पाहा, सगळे आले की नाही? ते म्हणाले, "आले. तुझ्या बाईले विचार, कसे आले ते."

बाईनं नंतर सांगितलं. लग्नाच्या आधीचा पूर्ण आठवडा तिचा फोन वाजत होता. काकू, लग्न खरंच आहे ना? गुरुजी येऊन गेले, तांदूळ दिले, पण म्हटलं एकदा विचारून घ्यावं. ती प्रत्येकाला हो म्हणत होती. भाऊजी शेजारच्या खोलीत अक्षतांच्या पुड्या बांधत बसलेले असायचे.

बिडीवाली बाई आली नाही. भाऊजी मांडवाच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करत होते. शेवटची पंगत उठेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी कोणाचे तांदूळ वाटले नाहीत. दोनतीन घरांनी विचारलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र भिंतीवरून निघालं, तिथे फिकट चौकोन राहिला.

या वर्षी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, भाऊजी आले होते, मुलीच्या ओटीत त्यांनीच नारळ घातला, जेवले, फोटोत उभे राहिले. लग्नाची पत्रिका मुलानं सगळ्यांना फोनवर पाठवली. भाऊजींना पाठवलेली दोन दिवस उघडलीच गेली नाही.

म्हणून मी पिशवीत पिवळे तांदूळ घेतले आणि बसनं दवनीवाड्याला गेलो. ज्या प्रथेची मी आयुष्यभर थट्टा केली, ती पाळायला मी एकटाच निघालो होतो. बसमध्ये एक बाई फोनवर कोणाला तरी मोठ्यानं चार आकडे सांगत होती. मी ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मग उठून तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, ताई, ते सांगू नका. ती म्हणाली, "अहो, माझ्या मुलाला सांगून राहिली." मी माफी मागितली. परत जागेवर येऊन बसलो.

भाऊजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. बाई आत होती. मी पायरी चढलो, पिशवी उघडली, चिमूट भरली आणि पुढे केली.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. हात खुर्चीच्या दांड्यावरच होते.

"कोणाचं लग्न आहे?" त्यांनी विचारलं.

मी हसलो नाही. मुलाचं, म्हटलं. मुलगी कोणाची ते सांगितलं, गाव सांगितलं, तिथी सांगितली, साक्षगंधाला तुम्ही आला होता हेही सांगितलं. ते ऐकत होते, एक-एक गोष्ट जुळवून पाहत असल्यासारखे. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तळहात पुढे केला. मी चिमूट सोडली. काही दाणे खाली सांडले. ते खुर्चीतून उतरले, गुडघ्यांवर हात देऊन हळूहळू खाली बसले, आणि फरशीवरचा एक-एक दाणा वेचू लागले. मीही त्यांच्याशेजारी बसलो आणि वेचू लागलो.